बर्फात गोठवलेल्या फुलांचे फोटो कसे काढतात? घरच्या फ्रीजमधला बर्फ पांढराच का होतो?

इन्स्टाग्रामवर हा फोटो कधी ना कधी डोळ्यांखालून गेलेला असतो. काचेसारखा नितळ बर्फ, आत लालभडक गुलाब, आणि पाकळ्यांपासून बाहेर निघालेल्या चांदीच्या तारांसारख्या बारीक रेषा. खाली कमेंट दोनच प्रकारच्या असतात. एक "कसलं भारी!" आणि दुसरी "हे एआय आहे". मग एखादा उत्साही माणूस स्टीलच्या डब्यात पाणी घेतो, पूजेच्या फुलांतलं एक फूल त्यात टाकतो आणि डबा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो. सकाळी बाहेर काय येतं? फूल तरंगून वर आलेलं, अर्धं बर्फाच्या बाहेर. मधला बर्फ दुधासारखा पांढरा. वर मध्यभागी एक टेंगूळ. आतलं काहीच दिसत नाही.

चूक कॅमेऱ्याची नसते. या प्रकारच्या फोटोग्राफीत निम्म्याहून जास्त काम फोन हातात घेण्याआधी, फ्रीजरमध्येच झालेलं असतं.

पांढरेपणा कुठून येतो?

नळाचं, फिल्टरचं किंवा बाटलीचं, कुठलंही पाणी घ्या, त्यात हवा विरघळलेली असते. मासे याच हवेवर जगतात. पाणी जितकं थंड, तितकी त्यात हवा जास्त मावते. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, शून्य अंशाजवळ हाच आकडा १४ मिलिग्रॅमच्या पुढे जातो.

बर्फात मात्र या हवेला जागा नसते. गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत रचले जातात आणि त्या जाळीत हवा किंवा क्षार सहसा बसत नाहीत. त्यामुळे बर्फाची कड जसजशी पुढे सरकते, तसतशी ती हवा आणि क्षार आपल्यापुढे ढकलत नेते. फ्रीजरमधल्या डब्याला थंडी सगळ्या बाजूंनी लागते. आधी कवच गोठतं, हवा मध्यभागी कोंडली जाते आणि शेवटी तिथेच तिचे असंख्य बारीक बुडबुडे होतात. साबणाचं पाणी रंगहीन असूनही त्याचा फेस पांढरा दिसतो ना, तसंच इथेही होतं. प्रत्येक बुडबुड्यावर प्रकाश विखुरतो आणि सगळं मिळून पांढरं दिसतं. टेंगूळ येण्याचं कारण वेगळं आहे. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि सर्वांत शेवटी गोठणारं मधलं पाणी वाट मिळेल तिथून वर येतं.

गंमत अशी, की फोटोतल्या त्या सुंदर चंदेरी रेषाही याच हवेच्या असतात. पाकळीच्या खडबडीत पृष्ठभागावर हवेचा एखादा बुडबुडा धरतो. बर्फाची कड हळू पुढे सरकत असेल, तर बुडबुड्याला मागून येणारी हवा मिळत राहते आणि तो गोल न राहता कडेच्या दिशेने लांबत जातो. बर्फ सावकाश धरला तर रेषा थोड्या आणि लांब येतात. भराभर धरला तर हजारो सूक्ष्म बुडबुडे होतात आणि हाती पांढरा गोळा उरतो.

यूट्यूबवर "पाणी दोनदा उकळा" हा सल्ला हमखास मिळतो. उकळल्यावर हवा बाहेर जाते हे खरं, पण पाणी निवता निवता ती पुन्हा आत शिरते. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, हवा तेवढीच असते. दोन्ही उपायांचा थोडाफार उपयोग होतो, पण गॅस जाळावा एवढा नाही. खरा फरक पडतो तो थंडी कोणत्या बाजूने येते याने.

तळ्याला जे जमतं ते डब्याला का जमत नाही?

थंड देशांतली तळी वरून खाली गोठतात. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे त्याहून थंड पाणी वर राहतं आणि बर्फ आधी पृष्ठभागावर धरतो. हवा खालच्या मोकळ्या पाण्यात ढकलली जाते. तिला कोंडणारं कवच नसतं, म्हणून तळ्याचा बर्फ पारदर्शक होऊ शकतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक ट्यूडरने याच तळ्यांचा बर्फ कापून जहाजाने भारतात विकायला आणला. १८३३ मध्ये तो कलकत्त्याला पोहोचला आणि पुढे मुंबई-मद्रासलाही आला. तो साठवण्यासाठी बांधलेलं 'आइस हाउस' चेन्नईत आजही उभं आहे. आता तिथे विवेकानंदांचं स्मारक आहे.

हीच युक्ती घरच्या फ्रीजरमध्ये वापरता येते हे अमेरिकी लेखक कॅम्पर इंग्लिश यांनी २००९ मध्ये दाखवलं आणि तिथल्या बारवाल्यांनी ती उचलून धरली. उष्णतारोधक डबा घ्यायचा, त्याचं झाकण काढायचं आणि पाणी भरून ठेवायचं. बाजू आणि तळ झाकलेले असल्यामुळे थंडी फक्त वरून लागते. डब्याचं छोटंसं तळंच होतं म्हणा ना! बर्फाची शिल्पं करणारे कारागीर उलट बाजूने जातात. त्यांच्या यंत्रात थंडी तळातून येते आणि वर छोटा पंप पाणी हलतं ठेवतो, म्हणजे बुडबुडे धरतच नाहीत. अशा यंत्रातून सव्वाशे किलोहून जड, आरपार दिसणारी लादी निघते.

मराठी घरात यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. पोळ्यांचा कॅसरोल म्हणजे उष्णतारोधक डबाच. (मालकिणीची परवानगी मात्र आधी घ्यावी.) फ्रीजर मोठा असेल तर थर्माकोलचा जाड डबा अधिक चांगला.

फूल आधी पाण्यात बुडवून हलक्या हाताने हलवायचं, म्हणजे पाकळ्यांत अडकलेली हवा सुटते. मग देठाला दोऱ्याने छोटा दगड बांधून ते असं बुडवायचं, की पाकळ्या पृष्ठभागाच्या बोटभर खाली राहतील. साधारण एका दिवसात दीड-दोन इंच बर्फ धरतो, फ्रीजरप्रमाणे कमी-जास्त. तळाशी थोडं पाणी शिल्लक असतानाच डबा बाहेर काढायचा. ढकललेली सगळी हवा आणि क्षार त्या पाण्यात असतात, ते ओतून टाकायचं. डबा पूर्ण गोठू दिला तर तळाचा थर पांढरा होतोच, शिवाय वाढलेल्या बर्फाच्या दाबाने कॅसरोल तडकण्याची भीती असते.

दुसरी पद्धत थरांची. पसरट ट्रेमध्ये बोटभर पाणी गोठवायचं, त्यावर फूल ठेवून पुन्हा थोडं गार पाणी घालायचं. फूल हव्या त्या जागी बसतं, पण थरांची रेघ बाजूने दिसते. वरून फोटो काढायचा असेल तर चालून जातं.

जास्वंद रंग सोडते, झेंडू नाही

फुलांचा रंग पाण्यात उतरेल की नाही हे रंगद्रव्यावर ठरतं. जास्वंदीचा लाल आणि गोकर्णाचा निळा रंग अँथोसायनिन गटातला. ही रंगद्रव्यं पाण्यात विरघळतात आणि पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत साठलेली असतात. पेशी फुटल्या की रंग बाहेर झिरपतो. गोकर्णाभोवती निळसर धूर पसरल्यासारखा बर्फ दिसतो तो यामुळेच. पाण्यात लिंबाचे थेंब पडले असतील तर तोच धूर जांभळा-गुलाबी होतो. काहींना हा परिणाम हवाच असतो. झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड गटातला. तो तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून झेंडू बर्फात जसाच्या तसा राहतो. पहिल्या प्रयोगाला झेंडू किंवा पिवळी शेवंती घ्यावी.

पांढऱ्या फुलांची गोष्ट वेगळी. मोगऱ्याच्या पाकळीत पांढरं रंगद्रव्य असं काही नसतं. पाकळीतल्या पेशींमध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांवर प्रकाश विखुरून ती पांढरी दिसते. म्हणजे मोगरा पांढरा दिसतो आणि फ्रीजमधला बर्फ पांढरा होतो, दोन्हींचं कारण एकच. या पोकळ्यांत पाणी शिरलं की पाकळी काचेसारखी होऊ लागते. जपानच्या डोंगराळ जंगलांत डिफिलेया ग्रेई नावाचं झाड आहे. त्याची पांढरी फुलं पावसात भिजली की आरपार दिसू लागतात. बर्फातल्या मोगऱ्यालाही थोडीफार तशीच झाक येते. चाफा मात्र टाळलेला बरा. त्याची पाकळी जराशी दुखावली तरी तपकिरी पडते.

बर्फात फूल टिकतं का?

बहुतेकांची गल्लत इथे होते. बर्फातलं फूल इतकं ताजं दिसतं, की ते कायमचं जपलं गेलंय असं वाटतं. लग्नातली वरमाला किंवा कुणीतरी दिलेला पहिला गुलाब असा "जपून" ठेवावा, असंही मनात येतं. तसं करू नये.

पाकळी म्हणजे मुख्यतः पाणी. ते गोठताना तयार होणारे स्फटिक पेशींची आवरणं फाडतात, काही पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन त्या आक्रसतात. गोठलेलं असेपर्यंत हे कळत नाही, कारण बर्फच पाकळीला धरून ठेवतो. वितळल्यावर पाकळी ओल्या टिश्यू पेपरसारखी लोळागोळा होते आणि एरवी पेशीत वेगवेगळी असणारी रसायनं एकमेकांत मिसळून ती काळी पडते. त्यामुळे त्या फुलाला दुसरी संधी नसते. फ्रीजरमध्ये ठेवलेला बर्फही तसाच राहत नाही. तो न वितळताच हळूहळू हवेत उडत जातो, कडा झिजतात, पृष्ठभाग धुरकट होतो. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळला तर काही आठवडे बरा राहतो, इतकंच.

कलाकारांनी या नाशाकडे दोन तऱ्हांनी पाहिलं. जपानचे पुष्पकलाकार अझुमा माकोतो यांनी मोठमोठ्या बर्फाच्या लाद्यांत अख्ख्या पुष्परचना गोठवल्या. २०१६ मध्ये पॅरिसला ड्रिस व्हान नोटेन यांच्या फॅशन शोमध्ये अशा लाद्यांच्या मधून मॉडेल चालल्या. लाद्या वितळणार हे गृहीतच होतं, तो त्या मांडणीचा भाग होता. ब्रिटिश शिल्पकार मार्क क्विन यांनी उलटं केलं. २००० साली इटलीतल्या मिलानमध्ये त्यांनी 'गार्डन' नावाची अख्खी बाग उभी केली, पण फुलं पाण्यात ठेवलीच नाहीत. उणे २० अंशांना राखलेल्या पातळ सिलिकॉन तेलात ती बुडवली. हे तेल त्या तापमानाला गोठत नाही, त्यामुळे बाहेर बर्फ नाही, बुडबुडे नाहीत आणि फुलं उमललेल्या अवस्थेत तशीच उभी. वीज चालू असेपर्यंत.

आपल्याकडे वरमाला जपून देणारे रेझिन वापरतात. त्याआधी फुलं सिलिका जेलमध्ये पूर्ण सुकवावी लागतात. ओलं फूल रेझिनमध्येही कुजतं. आठवण ठेवायची असेल तर हा रस्ता धरावा, बर्फ फक्त फोटोसाठी.

"मग सायबेरियात ३२ हजार वर्षांपूर्वीचं फूल कसं उमललं?" असा प्रश्न कमेंटमध्ये येतोच. तिथे गोठलेलं फूल उमललं नव्हतं. खारींनी बिळात साठवलेली सिलेन स्टेनोफिला या वनस्पतीची फळं कायम गोठलेल्या जमिनीत सापडली होती. त्यांच्यातल्या ऊतीपासून रशियन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नवी रोपं वाढवली आणि त्या रोपांना फुलं आली. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

फोटोची पाच-दहा मिनिटं

फ्रीजर साधारण उणे १८ अंशांचा असतो. तिथून काढलेल्या लादीवर हवेतली वाफ लगेच गोठते आणि ती धुरकट होते. जुलैतल्या मुंबईत तर काही सेकंदांतच. घाईने तिच्यावर पाणी ओतू नये, तडा जातो. ओट्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवावी. पृष्ठभाग शून्य अंशाला आला, की त्यावर पाण्याची पातळ साय धरते आणि लादी एकदम स्वच्छ होते. पाणी आणि बर्फ प्रकाशाला जवळपास सारखंच वळवतात (अपवर्तनांक १.३३ आणि १.३१), त्यामुळे बर्फावरचे ओरखडे पाण्याने भरले की दिसेनासे होतात. लादी तळहाताने गोल गोल पुसली तर आणखी चकचकीत होते. हीच फोटोची वेळ. पुढे कडा वितळतात, फूल उघडं पडतं आणि पाकळी मलूल होऊ लागते.

मांडणी साधी ठेवावी. दोन वाट्यांवर काचेची ताटली, ताटलीवर लादी, खाली दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च आणि मध्ये बटर पेपर. खालून आलेला प्रकाश पाकळ्यांतून गाळून येतो आणि शिरा दिसू लागतात. चंदेरी रेषा ठळक हव्या असतील, तर लादीमागे काळा कपडा धरून प्रकाश बाजूने द्यावा. समोरून फ्लॅश मारला तर फोटोत चमक सोडून काही येत नाही.

स्क्रीनवर पुंकेसरांवर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, नाहीतर फोन बर्फाचा पृष्ठभागच पकडतो. पांढऱ्या उजेडावर फोन फोटो काळपट करतो, तेव्हा सूर्याची खूण वर सरकवावी. काळ्या कपड्यावर तो उलट करतो, तेव्हा खाली.

एक करून पाहण्यासारखा प्रकार: पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच लेन्ससमोर धरून फिरवावी. बर्फावरची झळाळी एका कोनात बरीच कमी होते. एलसीडी मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडून त्यासमोर बर्फाचा पातळ तुकडा धरला आणि गॉगलची काच पडदा काळा दिसेपर्यंत फिरवली, तर त्याच बर्फात इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. मॉनिटरमधून येणारा प्रकाश आधीच एका दिशेने गाळलेला असतो आणि बर्फाचे स्फटिक त्याची दिशा बदलतात, म्हणून हे घडतं. पाणी मॉनिटरवर गळणार नाही एवढं अंतर ठेवावं.

फोटो खरा की बनवलेला?

एआयच्या चित्रात बहुधा एक चूक असते: बर्फाच्या आत असलेल्या पाकळीवर दवाचे गोल थेंब. थेंब हवेतच राहू शकतो. पाण्यात बुडालेल्या पाकळीवर थेंब कसा असेल? खऱ्या बर्फात एखादा तडा, कुठेतरी ढगाळ भाग किंवा थोडा उतरलेला रंग असतोच. सगळंच निर्दोष असेल तर शंका घ्यावी. अर्थात जाहिरातींमध्ये ॲक्रिलिकचे खोटे बर्फाचे खडे सर्रास वापरतात, तेव्हा फोटो खरा आणि बर्फ खोटा असंही असतं.

उलट काही फोटो खोटे वाटतात आणि पूर्ण खरे असतात. इटलीतल्या साउथ टिरोलमधले एप्रिलचे फोटो असे आहेत. सफरचंदाच्या बागा बहरलेल्या आणि प्रत्येक फूल बर्फाच्या कवचात. "शेतकऱ्याचं वाटोळं झालं" असं म्हणत लोक ते पुढे पाठवतात. प्रत्यक्षात तो बर्फ शेतकऱ्यानेच मुद्दाम धरवलेला असतो. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं. रात्रभर तुषार सिंचन चालू ठेवलं, की गोठत राहणारं पाणी फुलाला शून्य अंशाच्या आसपास धरून ठेवतं. सफरचंदाचं उमललेलं फूल साधारण उणे दोन अंशांखाली मरायला लागतं, त्यामुळे एवढी ऊब पुरते. पण पाणी मध्येच बंद पडलं किंवा जोराचा वारा सुटला, तर बाष्पीभवनाने उलट जास्त थंडी होते आणि बहर जातो. डब्यातल्या फुलावर हाच बर्फ उणे १८ अंशांपर्यंत जातो, म्हणून तिथे तो जीव घेतो.

महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात येतात, तेही खरेच. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे टाकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात. त्यामुळे हवेचं तापमान शून्याच्या वर असलं तरी पानावर बर्फ धरू शकतो. पहाटे तिथे असाल तर सूर्याकडे तोंड करून, पान आणि सूर्य एका रेषेत ठेवून फोटो काढावा. ऊन चढलं की काही मिनिटांत सगळं ओलं होतं.

सरबतात टाकण्याआधी

फुलांचे बर्फाचे खडे घालून सजवलेल्या सरबताची रील्स खूप चालतात. फोटोसाठी केलेला बर्फ त्यात टाकू नये. बाजारातल्या हारफुलांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असू शकते आणि ती फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात. शोभेची काही फुलं तर मुळातच विषारी आहेत. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांतल्या विषाने हृदयाचे ठोके बिघडतात, धोतराही तितकाच धोक्याचा. बर्फ वितळला की तेच पाणी पेल्यात उतरतं. पाहुण्यांसाठी असे खडे करायचेच असतील, तर घरच्या कुंडीतल्या, फवारणी न केलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या किंवा पुदिन्याची पानं घ्यावीत. फोटोची लादी कुंडीत ठेवून द्यावी. दगड आणि दोरा तेवढा आठवणीने काढून घ्यावा.